चुंबकवनातला फणस

एका जंगलात प्रत्येकाला पाठ होती. चेहरेही असावेत, असा अंदाज होता. पण ते कोणी पाहिले नव्हते.

बालमित्रांनो, त्या जंगलाचं नाव चुंबकवन. तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात चुंबकाचं चित्र असेल. त्याच्या पोटात बारीक बारीक बाण काढलेले असतात आणि सगळे बाण एकाच दिशेला तोंड करून उभे असतात. चुंबकवनातही तसंच होतं. फक्त बाणांना कान आणि शेपट्या होत्या.

सगळे प्राणी उत्तरेकडे तोंड करून बसत, कारण उत्तरेच्या टेकडीवर राजा बसे. वळायचं नाही, जागा सोडायची नाही आणि कडेला बघायचं नाही, असे तीन नियम होते. चौथाही एक होता. पण त्याची पाटी दक्षिणेला लावली होती, त्यामुळे तो कोणी वाचला नव्हता.

जो तो पुढच्याची पाठ बघे. हजेरी पाठीवरून होई. लग्न ठरवताना मुलीची पाठ बघायचा कार्यक्रम असे. "पाठ देखणी आहे, पण स्वभाव कळत नाही," असं म्हणून स्थळं नाकारली जात. लग्नानंतरही नवरा-बायको आपापल्या जागीच बसत. त्यामुळे भांडणं कमी होती. जेवायला, तोंडासमोर जे पडेल ते.

आता तुम्ही विचाराल, मग त्या जंगलात हलत कोण होतं? मुंग्या. पण त्याही आतून नाही. आत सगळं ठप्प. मुंग्या जंगलाच्या कडेकडेने चालत, एकाच दिशेने, जंगल कायम डाव्या हाताला. दगड आला तर दगडाला वळसा. खड्डा आला तर खड्ड्याला वळसा. आडवं पडलेलं झाड आलं तर त्याच्यावरून. पण थांबणं नाही, आणि मागे फिरणं तर नाहीच. एखादीच्या डोक्यावरचं खोबरं पडलं, तर ते उचलायला तिला अख्ख्या जंगलाला फेरी मारून यावं लागे.

"जंगल डाव्या हातालाच का?" असं एका मुंगीने एकदा मुकादमिणीला विचारलं होतं.

"चालता चालता विचार," मुकादमीण म्हणाली.

मुंगीने चालता चालता विचारलं.

"आता चालता चालता विसर," मुकादमीण म्हणाली.

बरोबर मधोमध, जिथे कडेची काही बातमी पोचत नसे, तिथे शेवंती नावाची पिसोरी बसायची. पिसोरी म्हणजे सशाएवढं हरीण. शिंगं नाहीत, आवाज नाही, पाठीवर पांढरे ठिपके. शेवंतीच्या पुढे एका वाघाची पाठ होती. ही जंगलातली सगळ्यात सुरक्षित जागा समजली जाई. वाघाच्या पाठीमागे बसलेल्याला वाघ दिसतो, वाघाला तो दिसत नाही. वाघाच्या पुढे एक चितळ होतं. वाघाला जागा सोडता येत नसल्यामुळे तो नऊ वर्षं त्या चितळाची पाठ बघत करवंदं खात होता.

शेवंतीच्या उजव्या हाताला एक ससा बसे. आणि मागे बसे द्वारका.

द्वारका साळिंदर होती, हे शेवंतीला ऐकून माहीत होतं. तिने तिला कधी पाहिलं नव्हतं. पाहणार कशी? द्वारका म्हणजे मागून येणारा एक आवाज. पण सात वर्षं तो आवाज रोज येत होता.

"शेवंते, आज तुझ्या पाठीवर पिवळं फुलपाखरू बसलंय."

"कुठे?"

"तिसऱ्या ठिपक्यावर."

"अजून आहे?"

"गेलं. तू विचारत बसलीस."

शेवंती फार बोलत नसे. बोलायचं वाक्य ती आधी मनात तीनदा लिहून बघे, आणि तोवर विषय बदललेला असे. द्वारकेला त्याची सवय होती. ती विषय पुन्हा मागे आणायची. "मघाशी फुलपाखराबद्दल काहीतरी म्हणणार होतीस ना?" असं विचारायची. मग शेवंती म्हणायची. असा त्यांचा संसार चालला होता.

एका उन्हाळ्यात राजाचे डोळे दुखायला लागले. राजा हा एक गवा होता. त्याला गवेराज म्हणत. उत्तरेच्या टेकडीवर बसून दक्षिणेकडे बघायचं म्हणजे दिवसभर ऊन तोंडावर. गवेराजांनी ठरवलं, आपण दक्षिणेच्या टेकडीवर बसायला जाऊ. ऊन पाठीवर येईल.

बरोबर प्रधान होता. प्रधान म्हणजे सरडा. त्याला जंगलाचे नियम लागू नव्हते, कारण तो झाडावरून जायचा आणि ज्या झाडावर असेल त्या झाडाचाच दिसायचा. राजा काहीही म्हणाला की तो मान वरखाली हलवायचा. राजा काही म्हणाला नाही तरी हलवायचा.

जंगलाला अर्धा वळसा घालून गवेराज दक्षिणेच्या टेकडीवर पोचले. ऐटीत बसले. समोर पाहिलं.

"प्रधानजी, हे काय आहे?"

"पाठी आहेत, महाराज."

"अख्खं राज्य माझ्याकडे पाठ करून बसलंय."

सरड्याने मान हलवली.

मग हुकूम निघाला. सगळ्यांनी दक्षिणेकडे तोंड करावं. गवेराजांनी स्वतः हाक दिली.

कोणीही वळलं नाही.

बालमित्रांनो, गैरसमज करून घेऊ नका. वळायला सगळे तयार होते. चुंबकवनासारखे आज्ञाधारक प्राणी दुसरीकडे मिळणार नाहीत. ससा म्हणाला, "मी तर या क्षणी वळतो. डावीकडची वळली की लगेच." डावीकडची म्हणजे शेवंती. शेवंती मनात वाक्य लिहीत होती. सशाच्या उजवीकडच्या मुंगसालाही असंच वाटत होतं, की डावीकडचा वळला की लगेच. पुढच्यांना वाटत होतं, मागचे वळले असतील तर आपल्याला कळेलच. मागच्यांना वाटत होतं, पुढचे वळलेले तर दिसत नाहीत.

"हाक थोडी मोठी द्यावी लागेल," सरडा म्हणाला. त्याने हाकांची एक प्रतवारी तयार केली. पहिली, पानं हलतील एवढी. दुसरी, पाखरं उडतील एवढी. तिसरी, फळं पडतील एवढी.

पहिलीने पानं हलली. दुसरीने पाखरं उडाली. जंगल होतं तसंच.

तिसऱ्या हाकेला फळं पडली. त्यातलं एक फळ म्हणजे शेवंतीच्या पाठीमागच्या झाडावरचा फणस. तो द्वारकेच्या पुढ्यात पडला आणि फुटला.

"शेवंते," द्वारका म्हणाली, "फणस. वास बघ कसला आलाय. बरका की कापा ते खाऊन सांगते हं."

आणि पुढे काहीच बोलली नाही.

शेवंतीला वाटलं, चवीने खात असेल. तिने वाट पाहिली. संध्याकाळ झाली. मागून नुसतं "म्म्" असं काहीतरी आलं, आणि काटे खळखळ वाजले.

दुसऱ्या दिवशी शेवंतीने वाक्य एकदाच लिहून बघितलं आणि बोलून टाकलं. "द्वारके, बरका की कापा?"

खळखळ. म्म्.

द्वारकेच्या मागे एक म्हातारं अस्वल बसे. ते म्हणजे जंगलातला वैद्य. शेवंतीने आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवला. "अस्वलकाका, द्वारका बोलत नाहीये."

"पाठ उत्तम आहे," अस्वल म्हणालं. "काटे ताठ आहेत. काळा-पांढरा रंग, जसा हवा तसा."

"पण आवाज येत नाही."

"आवाज पाठीत नसतो, बाळ. माझा अभ्यास पाठीचा."

तिसऱ्या दिवशी खळखळ बारीक झाली. अस्वलाने सांगितलं की काटे जरा कलले आहेत, मौनव्रत असावं, काही जणांना ते मानवतं. चौथ्या दिवशी ते म्हणालं, "आज काटे अगदी अंगाला चिकटून बसलेत. त्यामुळे मला पलीकडचा फणस दिसतोय. एक गरा खाल्लेला दिसतो. बाकी जसाच्या तसा आहे."

द्वारका चार दिवस जेवली नव्हती. आणि समोर फणस असताना.

वरच्या फांदीवरून सरडा चालला होता. शेवंतीने त्याला थांबवलं.

"प्रधानजी, मला एकदा वळू द्या. मैत्रिणीला काय झालंय ते बघायचंय."

"एकट्याने वळायची परवानगी नाही," सरडा म्हणाला. "सगळ्यांनी मिळून वळायची आज्ञा आहे."

"सगळे वळत नाहीत."

"म्हणून तर आज्ञा आहे." त्याने मान हलवली आणि तो पुढच्या झाडाचा झाला.

ससा सगळं ऐकत होता. तो समोर बघतच म्हणाला, "शेवंते, विचार कर हो. तू वळलीस की मला वळावं लागणार. मी शब्द दिलाय. मग अख्खी रांग वळणार. मग पुढची. आणि वाघ वळला की त्याच्यासमोर कोण येईल?"

"कोण?"

"तू."

"मी ऐकतोय," पुढून वाघ म्हणाला. "मला यात ओढू नका. चितळ आहे समोर. खात नाही, पण आहे. तेवढाच आधार असतो."

वाघापेक्षाही शेवंतीला दुसऱ्याच गोष्टीची भीती वाटत होती. सगळ्यांच्या आधी आपण एकटीने काहीतरी करायचं, आणि मग सगळ्यांनी आपल्याकडे बघायचं. या विचाराने तिचे कान तापले. तिने मनात वाक्य लिहायला घेतलं. मी वळते. खोडलं. मी वळू का. खोडलं.

तेवढ्यात मागे काहीतरी पडलं. अगदी हलकं, वाळल्या पानांवर. द्वारकेचा एक काटा गळून पडला होता.

शेवंती वळली.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. त्या वेळी गवेराज हाक देत नव्हते. त्यांचा घसा बसला होता आणि ते हळदीचं पाणी पीत होते. टेकडीवर पूर्ण शांतता होती.

शेवंती वळली, म्हणून ससा वळला. त्याने शब्द दिला होता. ससा वळला म्हणून मुंगूस वळलं. अशी पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत अख्खी रांग वळली. आता पुढच्या रांगेची पंचाईत झाली. आपली पाठ कोणी बघत नाहीये, असं त्यांना मानेवर जाणवायला लागलं. चुंबकवनात याहून एकटं वाटण्यासारखं दुसरं काही नव्हतं. म्हणून तीही रांग वळली. वाघ "चितळ, चितळ" असं पुटपुटत वळला. मग त्याच्या पुढची रांग. असं करत करत उत्तरेकडचं अर्धं जंगल दक्षिणेला तोंड करून बसलं. दक्षिणेकडचं अर्धं अजून उत्तरेकडेच बघत होतं.

आणि मधल्या रेषेवर, जंगलाच्या इतिहासात पहिल्यांदा, दोन रांगा एकमेकींसमोर आल्या.

मोठा गोंधळ झाला. सशासमोर एक घोरपड होती. ती त्याला म्हणाली, "तुमच्या पाठीला भोकं पडलीत."

"ते डोळे असावेत," ससा म्हणाला. "तुमच्याही पाठीला आहेत."

शेवंतीने यातलं काही ऐकलं नाही. तिच्यासमोर द्वारका होती.

फणसाच्या चिकाने द्वारकेचं तोंड घट्ट बंद झालं होतं. तोंड सोडवायला तिने एक पंजा लावला होता, तो तोंडाला चिकटला होता. पंजा सोडवायला दुसरा लावला होता, तोही चिकटला होता. दोन्ही पंजे तोंडावर धरून ती चार दिवस बसली होती. मागून पाहणाऱ्याला ती फार विचारात आहे असं वाटलं असतं. डोळे मात्र उघडे होते. शेवंतीला बघून ते मोठे झाले.

"म्म्," द्वारका म्हणाली.

फणसाचा चीक कशाने सुटतो, हे तुम्हाला माहीत आहे. शेवंतीलाही माहीत होतं. खोबरेल तेलाने. पण जंगलाच्या मधोमध तेल कुठून आणणार? खोबरं असे फक्त मुंग्यांकडे, आणि मुंग्या असत कडेला.

आता त्याच वेळी कडेला काय झालं ते ऐका. उत्तरेकडचं जंगल वळल्याबरोबर तिथल्या मुंग्यांनाही उलटं चालावंसं वाटायला लागलं. का, ते कोणाला कळलं नाही. जंगल आता त्यांच्या उजव्या हाताला आलं. दक्षिणेकडच्या मुंग्या पूर्वीसारख्याच चालत होत्या. पूर्वेच्या कडेवर एक रांग वरून खाली आली, दुसरी खालून वर आली आणि दोघी समोरासमोर आल्या. थांबणं माहीत नव्हतं. मागे फिरणं माहीत नव्हतं. पण तिथे, वळलेल्या आणि न वळलेल्या जंगलाच्या मधोमध, आजवर कधी नव्हती अशी एक वाट आत जात होती. दोन्ही रांगा त्या वाटेत घुसल्या आणि एक झाल्या. जिथे म्हणून दोन प्रकारच्या जंगलांची कड लागते, तिथे मुंग्यांची वाट होते. हे त्या दिवशी कळलं.

शेवंतीला डावीकडून सरसर आवाज आला. बघते तर तिच्या आणि द्वारकेच्या मधून मुंग्यांची रुंद रांग चालली होती. प्रत्येकीच्या डोक्यावर ओल्या खोबऱ्याचा तुकडा.

"मुकादमीणबाई," शेवंती म्हणाली, "थोडं खोबरं द्या. माझ्या मैत्रिणीचं तोंड चिकटलंय."

"देता येत नाही. द्यायला थांबावं लागतं," मुकादमीण म्हणाली आणि निघूनही गेली.

"मग खाली टाका."

"टाकलं तर मागच्या उचलतात," पाठोपाठच्या मुंगीने सांगितलं. तीही गेली.

दूरवरून खाकरल्याचा आवाज आला. गवेराजांचा घसा मोकळा होत होता. आता कधीही हाक येईल आणि द्वारकेची रांग वळेल. मग नुसती पाठच दिसणार, आणि तोंड त्या बाजूला. जागा सोडून तिथे जाता येणार नाही.

शेवंतीने वाक्य लिहिलं नाही. तिने आपला एक बारीक पाय उचलला आणि रांगेत आडवा ठेवला.

मुंग्यांना अडथळा आला. अडथळा आला की काय करायचं, हे त्यांना आजीपणजीपासून ठाऊक होतं. त्यांनी पायाला वळसा घातला. शेवंतीने दुसरा पाय ठेवला. मुंग्यांनी आणखी वळसा घातला. आता त्यांच्या वाटेत द्वारकेचा पंजा होता. पंजा आला, पंजावर चढल्या. मग ओठ आले, ओठांवरून गेल्या. नाकावरून पलीकडे उतरल्या आणि पुन्हा सरळ पश्चिमेला लागल्या. एकही थांबली नाही. एकही मागे फिरली नाही.

अकराशे मुंग्या गेल्या. अकराशे खोबऱ्याचे तुकडे द्वारकेच्या तोंडावर घासले गेले. तोंड चकचकीत झालं. मग एका मुंगीला वाट जरा जास्तच सापडली आणि ती नाकात गेली.

द्वारका शिंकली. एक पंजा सुटला, दुसरा सुटला, तोंड उघडलं.

"बरका," द्वारका म्हणाली.

शेवंती रडायला लागली.

"रडतेस काय? चांगला होता. जरा पाणचट." द्वारका तिच्याकडे टक लावून बघत होती. "थांब, मान वर कर बघू. अगं, तुझ्या गळ्यावर पांढरे पट्टे आहेत. तीन."

"माझ्या?"

"कोणी सांगितलं नाही कधी?"

"कोण सांगणार?" शेवंती म्हणाली. आणि मग लगेच, न लिहिता, "तुला मिशा आहेत. आणि दात नारिंगी आहेत."

"असू देत," द्वारका म्हणाली. पण तिला बरं वाटलेलं दिसत होतं. म्हणजे पहिल्यांदाच, दिसत होतं.

तेवढ्यात टेकडीवरून हाक आली. बसक्या घशाची, पानंसुद्धा धड हलली नसती अशी. पण आता दक्षिणेकडचे प्राणी समोर इतके चेहरे बघून इतके घाबरले होते, की वळायला त्यांना कारणच हवं होतं. द्वारकेची रांग वळली. काटे फिरले. शेवंतीसमोर एक पाठ आली, जी तिने याआधी कधी पाहिली नव्हती. काळी-पांढरी, ताठ.

मग अस्वलाची रांग समोर आली आणि वळली. मग त्याच्या मागची. समोरासमोर येण्याची ती रेष रांगेरांगेने दक्षिणेकडे सरकत गेली, आणि तिच्याबरोबर मुंग्यांची वाटही सरकत गेली, अगदी कडेला पोचेपर्यंत. तिथे पोचल्यावर मुंग्या पुन्हा जंगलाभोवती फिरायला लागल्या. उलट्या दिशेने. जंगल आता उजव्या हाताला. मुकादमीण म्हणाली, पूर्वीपासून असंच होतं.

दक्षिणेकडच्यांनी त्या दिवशी क्षणभर का होईना, चेहरे पाहिले. शेवंतीची रांग सोडली, तर उत्तरेकडचे मात्र पाठीला पाठ लावूनच वळले होते. त्यांना चेहरा दिसलाच नाही. तेव्हापासून चुंबकवनात दोन पक्ष पडले. एक म्हणतो, चेहरे असतात. दुसरा म्हणतो, ही दक्षिणेकडच्यांची समजूत आहे. वादाच्या वेळी दोघेही एकाच दिशेला बघत असतात.

सरड्याने अहवाल लिहिला. महाराजांच्या तिसऱ्या प्रतीच्या हाकेने जंगल वळलं, असं त्यात होतं. हळदीचं पाणी त्यात नव्हतं. सगळ्यात आधी आज्ञा पाळल्याबद्दल शेवंतीला 'आद्य आज्ञाधारक' असा किताब मिळाला. त्याची पाटी तिच्या पाठीवर बांधली, कारण किताब दिसावा लागतो. तो दिसायचा वाघाला.

"चितळ गेलं आणि हे आलं," वाघ म्हणाला. "एवढीशी. त्यातही अर्ध्या भागावर पाटी." त्याचा गरम श्वास शेवंतीच्या शेपटीला लागायचा. पण तिच्यावरून त्याची नजर पुढे गेली, की तिथे द्वारकेचे काटे असत. मग तो डोळे मिटून करवंदं आठवत बसायचा.

शेवंती आता मागे होती आणि द्वारका पुढे. बोलणं चालू होतं.

"द्वारके, तुझ्या डाव्या बाजूच्या काट्याला एक पान अडकलंय."

"कसलं?"

"करंजाचं."

"राहू दे. छान दिसत असेल."

"दिसतंय," शेवंती म्हणायची. पण पान नव्हे, तिला त्या काट्यांपलीकडच्या मिशा आठवत. आपल्या गळ्यावर तीन पट्टे आहेत, हे जगात एकीलाच ठाऊक आहे आणि तिची पाठ आपल्याकडे आहे, असं तिच्या मनात येई.

पावसाळा आला. दक्षिणेच्या टेकडीवर चिखल झाला, गोमाश्या झाल्या. गवेराज कंटाळले आणि पुन्हा उत्तरेच्या टेकडीवर जाऊन बसले. समोर पाहिलं, तर सगळीकडे पाठी.

पहिली हाक दिली. मग दुसरी. जंगल दक्षिणेकडे तोंड करून स्वस्थ बसलं होतं. वळायला सगळे तयार होते.

सरड्याने जुना अहवाल काढला आणि या वेळी तो नीट विचार करून वाचला. सरडे मान हलवत असले, तरी मूर्ख नसतात. मागच्या खेपेला कोण आधी वळलं? आज्ञा कोणी पाळली, ते नव्हे. वळलं कोण, आणि कोणाकडे बघायला?

तो शेवंतीच्या पुढ्यातल्या दुसऱ्या फणसाच्या झाडावर गेला आणि फणसाचा देठ कुरतडायला लागला. सात दिवस कुरतडत होता. आठव्या दिवशी फणस शेवंतीच्या समोर पडला आणि फुटला.

"खा हो, खा," सरडा पानांतून म्हणाला. "हा राज्याचा फणस आहे."

शेवंतीने फणसाकडे पाहिलं. तेल कुठेच नव्हतं. मग तिने सरड्याकडे पाहिलं, मग समोरच्या काट्यांकडे. तिला सगळं समजलं. सरड्याला वाटत होतं त्याहून जरा जास्तच समजलं. द्वारका वळली, की तिचं तोंड इकडे होईल. मग हाक येईल आणि आपली रांगही वळेल. पण मध्ये थोडा वेळ असेल. मागच्या खेपेला अकराशे मुंग्यांएवढा होता.

तिने एक गरा खाल्ला.

"शेवंते, फणसाचा वास येतोय," पुढून द्वारका म्हणाली. "तुझ्याकडे पडला का? बरका की कापा?"

फणस कापा होता. फारसा चिकटही नव्हता. शेवंतीचं तोंड अगदी मोकळं होतं.

शेवंती गप्प बसली.

"शेवंते?"

समोरचे काटे हलले.

तात्पर्य : राजाची आज्ञा नेहमी पाळावी. तुम्ही कोणत्याही कारणाने वळलात, तरी अहवालात तसंच लिहिलं जातं. आणि मैत्रिणीने काही विचारलं, तर लगेच उत्तर देऊ नये.